तांदळातला राखण्या

माझ्या सख्ख्या भावाने, त्याच्या एकुलत्या एक पोरीच्या लग्नात, माझ्या डोक्यात लोखंडी खुर्ची घातली. लोक अजून विचारतात, "सिंधूबाई, राग नाही आला?" आला ना! न यायला मी काय दगड आहे? पण तो राग न्यायचा कुणाच्या दारात, ते आधी ऐका आणि मग मला शहाणपण शिकवा.

मी सिंधू गावंडे. अकोल्यात आमचं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, गाद्या, कढया, लग्नाला लागेल ते सगळं भाड्याने मिळतं. नवरा गेल्यावर दीर आले, म्हणाले, "वहिनी, बाईमाणसाचं काम नाही हे, विकून टाका." त्यांना मी चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं. मंडपाच्या खांबांचे खड्डे खणायची पहार आजही मी एका हाताने उचलते. तोंडही तसंच आहे माझं, कुणाला आवडो न आवडो.

आमच्याकडे लग्नं मे महिन्यात. शेतीची कामं नसतात, पोरांना सुट्ट्या असतात, मुहूर्त भरपूर. ऊन काय आम्हाला नवं होतं? डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरी आलं की कैरीचं पन्हं, झालं. पण मग वर्षंच अशी यायला लागली की पारा अठ्ठेचाळिसाला जाऊन बसायचा, तो आठवडाभर हलायचा नाही. जिकडे तिकडे डांबर आणि सिमेंट, प्रत्येक खिडकीतून गरम हवा बाहेर ओकणारे एसी; शहर रात्रीसुद्धा निवेना. वऱ्हाडी मंडळी पंगतीत बसल्या बसल्या आडवी व्हायला लागली, तेव्हा भरदुपारी साध्या मंडपात लग्न लावायला बंदी आली.

त्यावर उतारा म्हणून तुषारमंडप निघाला. मंडपाच्या छताखाली बारीक नळ्यांचं जाळं असतं, त्यांना केसाहून बारीक भोकं. पंप सुरू केला की पाण्याचे इतके लहान कण सुटतात की ते खाली येईपर्यंत हवेतच विरून जातात, अंगावर थेंब पडत नाही. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती ते हवेकडूनच ओढून घेतं, आणि हवा गार होते. आपला डेझर्ट कूलर हेच करतो, फक्त हा जरा शिकलेला कूलर. चारही बाजूंनी प्लास्टिकचे जाड पडदे सोडायचे, म्हणजे गारवा पळत नाही. बाहेर सत्तेचाळीस, आत अठ्ठावीस! पहिल्या वर्षी लोक नुसता मंडप पाहायला यायचे.

पण या यंत्राला हवा कोरडी लागते. हवेत आधीच ओल भरलेली असेल तर कण विरत नाहीत. गारवा येत नाही, ओल तेवढी वाढते. आणि माणसाचं अंगही एक कूलरच आहे, हे मला माझ्या भाचीने शिकवलं. ईश्वरी, माझ्या धाकट्या भावाची पोरगी, सरकारी नर्स, उष्माघाताच्या वॉर्डात कामाला. ती म्हणायची, "आत्या, घाम आला म्हणजे अंग निवत नाही, घाम सुकला म्हणजे निवतं. हवा ओली असली की घाम नुसता गळतो. मग सावलीत बस, पंखा लाव, घटाघटा पाणी पी, अंगातली आग अंगातच राहते." तिच्या वॉर्डात म्हणून ओला पारा पाहतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि ते सुकता सुकता पारा किती खाली येतो ते बघायचं. खाली आलाच नाही, तर माणसाचं अंगही खाली येणार नाही. हा ओला पारा पस्तिशीला टेकला की धडधाकट माणूससुद्धा काही तासांत आतून शिजतो. म्हातारा किंवा उपाशी असेल तर त्याच्या आधीच.

"आणि मेंदू तापला ना आत्या, की माणूस लगेच पडत नाही. आधी भांडतो," ती म्हणाली होती. "आमच्याकडे कितीतरी जणांना दोरीने बांधून आणतात. सख्ख्या आईला ओळखत नाहीत, चावायला धावतात."

म्हणून प्रत्येक तुषारमंडपाला एक राखण्या असतो. राखण्या हे नाव माझं. बोटाएवढी पांढरी नळी, मंडपाच्या मधल्या खांबावर बसवायची. ती हवेतली ओल मोजते आणि ओल हद्दीबाहेर गेली की पंप आपोआप बंद पाडते. ज्याच्या मंडपाला राखण्या नाही त्याला परवानगी नाही.

आता माझ्या भावाचं सांगते. दिगंबर पोहनकर. आम्ही दिगू म्हणायचो. माझ्या पाठचा. स्वभावाने गरीब, आणि पाहुण्यांपुढे तर पार लोणी. त्याच्या ईश्वरीचं जमलं तन्मय भांबेरेशी. पोरगा चांगला होता, दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या मोठेबाबांबद्दल. उत्तमराव भांबेरे. तन्मयला बाप नव्हता, या मोठ्या काकानेच वाढवला, म्हणून घरात शब्द त्यांचा. चांगला उंचापुरा माणूस, पांढरा फेटा, आणि नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

साक्षगंधाच्या दिवशी दिगूकडची लाईट गेली. कूलर बंद पडले. उत्तमराव ताटावरून उठले. भर मांडवात म्हणाले, "पोहनकर, पाव्हण्याले घरी बोलावून भाजता का? लग्नात असं झालं ना, तर वरात तिथूनच वापस नेईन. अंगावर घाम आला नाई पायजे आमच्या माणसाच्या. सांगून ठेवतो!"

दिगूने त्यांचे पाय धरले. मी दात खात उभी राहिले. ईश्वरी आतून रडून ओरडली, "आत्या, तू काही बोलू नको." नाही बोलले. त्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं.

लग्नाच्या सकाळी मी आभाळ पाहिलं. आमच्या मेच्या आभाळाला रंग असतो, कडक निळा. त्या दिवशी ते मळक्या धोतरासारखं होतं. उन्हाळ्यातला कोरडा गरम झोळा नव्हता, पूर्वेकडून दमट, चिकट हवा येत होती. उंबऱ्यात ठेवलेलं मीठ ओलं झालं होतं. ईश्वरीच्या अंगाला हळद लागलेली, तशीच ती माझ्यामागे मांडवात आली. म्हणाली, "आत्या, बंगालच्या बाजूला वादळ उठलंय म्हणे. आज वॉर्डातून फोन येऊन राहिले सारखे. ओला पारा सकाळीच तिशीच्या वर गेला. हा मंडप आज चालवू नको."

मी दिगूला बाजूला घेतलं. त्याचा कन्यादानाचा उपास. पहाटेपासून पाण्याचा घोटही नव्हता पोटात आणि अंगात जाड सफारी. म्हटलं, "दिगू, आज पडदे सोडायचे नाहीत. शेजारी शाळेच्या मैदानात कडुलिंबाची झाडं आहेत, तिथे लग्न लावू. साधे पंखे लावू, बर्फाचं पाणी देऊ. गारवा नाही मिळणार, पण माणसं जगतील."

"ताई, तुले काय जाते बोलायले?" त्याचा चेहरा एवढासा झाला. "ते वरात वापस नेतील. माया पोरीचं काय होईन?"

"नेली तर नेली! नर्स पोरगी आहे आपली, रस्त्यावर पडली नाही."

"तू मंडप लाव. हवा खराब असली तर तुया तो राखण्या बंद करीनच ना पंप? मंग भिऊन काऊन रायली?"

बोलणं बरोबर होतं. मीच त्याला राखण्याचं कौतुक सांगितलं होतं. मला वाटलं, राखण्या पंप बंद पाडेल, उत्तमरावांना यंत्राला दोष देता येईल, आणि आम्ही सगळे झाडाखाली जाऊ. मी मधल्या खांबावर राखण्या बसवला, तपासला, आणि जेवणाकडे गेले.

वरात आली ती दोन चौक नाचत आली. डीजे, घोडा, फटाके. पोट्टे घामाने न्हालेले, म्हातारे कोसा रेशमाचे फेटे बांधून, बायका जरीच्या साड्यांत. मांडवात शिरले आणि पडदे खाली पडले. पंप सुरू झाला. "वा वा, काय गारवा आहे!" असा एकच गलका उठला. गारवा होताच. टाकीतलं पाणी गार, त्याचे कण तोंडावर आले की बरं वाटतंच. उत्तमराव पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले आणि दिगूकडे पाहून त्यांनी मान डोलावली. दिगू लहान मुलासारखा हसला. त्याचं ते हसू मला अजून दिसतं.

मी पोळ्यांकडून आले तेव्हा मंगलाष्टकं सुरू व्हायची होती. पडदा बाजूला केला आणि थबकले. आत धुकं होतं. कण विरतच नव्हते. खुर्च्यांवरून पाणी ओघळत होतं, फेटे लोंबले होते, नवरदेवाच्या मुंडावळ्या कपाळाला चिकटलेल्या. हजारभर माणूस बंद पडद्यात. प्रत्येकाचं अंग जळत्या बल्बएवढी उष्णता सोडतं, ती जायला जागा नाही. माझ्या चष्म्यावर वाफ धरली. पंप तरी चालूच.

नवरदेवाची मावशी खुर्चीवरून घसरली. "ऊन लागलं, ऊन लागलं," करत चार जणांनी तिला उचललं आणि कुठे नेलं? सगळ्यात दाट धुक्यात, नळ्यांच्या खाली! तोंडावर पाणी मारलं, कूलर तिच्याकडे फिरवला, कांदा फोडून नाकाला लावला. आमच्या बापजाद्यांनी हेच केलेलं. कोरड्या उन्हात हे बरोबर होतं. आज तिला तिथे नेणं म्हणजे चुलीवर ठेवणं होतं.

"बाहेर न्या तिले!" मी ओरडले. कुणी ऐकेना. मी मधल्या खांबाकडे धावले. राखण्या मेला का काय, हे पाहायचं होतं.

राखण्या खांबावर नव्हता. त्याची तार खाली एका स्टीलच्या डब्यात गेली होती. झाकणाला भोक पाडून तार आत घातली होती आणि भोक एमसीलने बुजवलं होतं. मी झाकण उपटलं. आत तांदूळ. हळद लावलेले, तव्यावर खडखडीत भाजलेले, लग्नाच्या अक्षतांतलेच तांदूळ, आणि त्यात माझा राखण्या गळ्यापर्यंत पुरलेला. मोबाईल पाण्यात पडला की आपण तो तांदळाच्या डब्यात खुपसतो ना, तांदूळ ओल शोषून घेतो म्हणून? तसंच. बाहेर माणसं ओलीत गुदमरत होती आणि राखण्या डब्यात बसून सांगत होता की सगळं कोरडं आहे.

हे कुणी केलं, ते विचारावं लागलं नाही. साक्षगंधाला दिगूचा मोबाईल नालीत पडला होता, तो मीच तांदळात ठेवायला सांगितला होता.

मी मूठभर तांदूळ घेतले, तशीच पंपाकडे धावले आणि तिथे राखण करत उभ्या असलेल्या दिगूच्या तोंडापुढे मूठ धरली. "हे काय केलंस, मेल्या?"

"हात नको लावू मशीनले." त्याचे डोळे लाल होते. अंगावर घामाचा टिपूस नव्हता. मी बटणाकडे हात नेला, आणि त्याने खुर्ची उचलून माझ्या डोक्यात घातली.

मी खाली पडले. डोळ्यांवर रक्त. पडल्या पडल्या मला उत्तमरावांचा आवाज ऐकू आला, "गारवा बंद करून रायली थे बाई! आमचा अपमान करून रायले!" मग कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत मारली, आणि मांडव पेटला.

मी लग्नांतली भांडणं खूप पाहिलीत. मानपानावरून, कमी पडलेल्या जिलबीवरून. त्यात माणसं ओरडतात जास्त, मारतात कमी, आणि कुणीतरी म्हातारा मध्ये पडला की थांबतात. हे तसं नव्हतं. इथे कुणी ओरडतच नव्हतं. वरातीतला एक पोरगा आपल्याच मित्राला सोफ्याच्या लाकडी पायाने झोडपत होता, एका लयीत, आणि मित्र हलायचा थांबला तरी झोडपत होता. दोन बाया एकमेकींचे केस मुठीत धरून खाली लोळत होत्या, एकीचा कान फाटलेला. आमच्या बाजूच्या एकाने कूलर उचलून माणसांवर फेकला. नवरदेवाने भटजींचा गळा धरला होता. तन्मयने, ज्याने कधी कुणाला अरे म्हटलं नव्हतं! स्टेजवर रक्त आणि पाणी मिळून गुलाबी ओघळ चालले होते. ईश्वरीचे शब्द माझ्या डोक्यात घणासारखे आदळले. आधी भांडतो, मग पडतो. म्हणजे आता सगळे पडणार होते.

मी उठले. पंपापुढे दिगू उभा होता आणि त्याच्या हातात माझी पहार होती. पंप बंद करायला गेलेल्या माझ्या माणसाच्या खांद्यात त्याने ती घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. "वरात वापस जाईन... वरात वापस जाईन..." एवढंच त्याचं चाललं होतं.

तेवढ्यात ईश्वरी आली. शालू गुडघ्यापर्यंत खोचलेला, मुंडावळ्या तुटलेल्या. "बाबा," ती म्हणाली, "बाबा, मी आहे. इकडे द्या ते."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पहार फिरवली. तिच्याच डोक्यावर. ती खाली वाकली म्हणून वाचली. पहार खांबावर आपटली आणि वरचं कापड फाटलं. त्याने पुन्हा उचलली. ज्या पोरीसाठी हा सगळा कुटाणा केला, ती पोरगी त्याला ओळखू येत नव्हती.

माझ्या हाताला मंडपाची लाकडी बल्ली लागली. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि माझ्या भावाच्या गुडघ्यावर घातली. एकदा. तो वाकला नाही. दुसऱ्यांदा घातली तेव्हा पाय उलट्या दिशेला गेला आणि तो कोसळला. मी त्याच्या हातातून पहार हिसकली, पंपावर घाव घातले, नळ्या फुटून पाण्याचा फवारा माझ्या तोंडावर आला तरी घालत राहिले. मग पडद्यांकडे वळले. जो आडवा आला त्याला पहारीचा दांडा बसला, मग तो आपला असो की त्यांचा. मी आणि माझी चार माणसं, आम्ही पडदे उभे चिरले. बाहेरची हवा काही गार नव्हती, पण ती हलत होती.

माणसं बाहेर लोटली, पडली, एकमेकांवरून गेली. भांडण जसं पेटलं होतं तसं विझलं, कारण भांडायला कुणात त्राण उरलं नव्हतं. झाडाखाली ओळीने माणसं पडलेली. ॲम्ब्युलन्स सगळ्या शहरभर धावत होत्या. आमच्याकडे यायला वेळ लागणार होता.

ईश्वरीने ताबा घेतला. "पाणी शिंपडू नका! या हवेत शिंपडलेलं सुकत नाही. बर्फ आणा." बर्फाच्या पाण्यात माणूस बुडवला की अंगातली उष्णता सरळ पाण्यात जाते, घाम सुकायची वाट पाहावी लागत नाही. बाटल्या गार करायला मी पत्र्याचा एक हौद ठेवला होता, एक माणूस आडवा मावेल एवढा. एकच. बर्फाच्या चार लाद्या त्यात आणि एक बाहेर. फोडलेला बर्फ बाकीच्यांच्या काखेत, मानेला, जांघेत लावायचा. पण जे हाताबाहेर चालले होते त्यांना हौदच पाहिजे होता.

दिगू शिव्या देत होता. मला, बायकोला, यंत्राला. त्याचा पाय विचित्र वळलेला. त्याच्या शेजारी उत्तमराव पडले होते, तोंड उघडं, डोळे अर्धे, अंग तव्यासारखं कोरडं आणि गरम.

"बाबांना आधी घे," मी म्हटलं.

ईश्वरीने बापाच्या मानेला हात लावला, मग उत्तमरावांच्या. क्षणभर तिने डोळे मिटले. "जो ओरडतो तो थोडा थांबू शकतो, आत्या. हे गप्प झालेत. यांना आधी."

"या माणसाला? याच्यापायी—"

"उचल!"

आम्ही उत्तमरावांना हौदात घातलं. मी दिगूचं डोकं मांडीवर घेतलं आणि उरलेला बर्फ त्याच्या अंगाला घासत राहिले. तो मला शिव्या घालत होता आणि मी देवाला म्हणत होते, घालू दे, अजून घालू दे. बर्फ माझ्या हातात पाहता पाहता पाणी होत होता.

मग त्याची जीभ जड झाली. मग तो गप्प झाला.

"ईश्वरी! गप्प झाला गं हा!"

ती हौदात कोपरापर्यंत हात घालून उत्तमरावांची मान धरून बसली होती. "अजून नाही, आत्या," तिचा आवाज फाटला. "आत्ता काढलं तर हे जातील."

मी उठले. माझ्यात तेव्हा किती जोर होता म्हणून सांगू! मी हौदात हात घातला आणि उत्तमरावांच्या गळ्याजवळचा सदरा मुठीत धरला. एका झटक्यात मी त्यांना बाहेर फेकलं असतं. ईश्वरीने माझा हात धरला नाही. तिने फक्त वर पाहिलं. काजळ गालांवरून ओघळलेलं, हळद अजून कानामागे.

"तो तुझा बाप आहे गं," मी म्हटलं.

"मला माहीत आहे, आत्या. माझाच आहे."

त्याच वेळी उत्तमरावांच्या पापण्या हलल्या. पाण्याखाली त्यांची बोटं माझ्या मनगटाला लागली आणि लहान पोराने धरावं तसं त्यांनी ते धरलं. मी मूठ सोडली. कशी सोडली, ते मला विचारू नका.

दिगूला आम्ही हौदात घातलं तेव्हा पाण्यात बर्फ नव्हता. पोरगी त्याची छाती दाबत राहिली, शालू भिजलेला, तोंडाने "बाबा, बाबा" चाललेलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तिला ओढून बाजूला करावं लागलं.

त्या दिवशी आमच्या मांडवातून सहा माणसं गेली. पोलिसांनी डबा नेला. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, भावाचं नाव घेऊन सांगितलं. यंत्र चांगलं होतं, राखण्या चांगला होता. पोस्टमार्टेमात आलं की दिगू उष्णतेने गेला. मी मोडलेल्या पायाचाही त्यात उल्लेख आहे. घरी येऊन मी रक्ताने कडक झालेलं पातळ सोडलं, तेव्हा कमरेच्या ओच्यातून पिवळे तांदूळ फरशीवर सांडले. केव्हा खोचले होते, कुणास ठाऊक. मी ते वेचले आणि एका फडक्यात बांधून ठेवले.

शहराने नंतर शहाणपण घेतलं. आता प्रत्येक चौकात पत्र्याच्या शेडखाली गार पाण्याचा हौद आहे, शेजारी बर्फाची पेटी. चौकाचौकांत फलकावर ओला पारा दाखवतात. तो लाल झाला की पडदे सोडलेला एकही मंडप उभा राहत नाही, माझे कामगारच उतरवतात. पहिल्यांदा पाहुणे कुरकुरले. मी त्यांना माझ्या डोक्यावरचा व्रण दाखवला. लग्नं आता सूर्य उगवायच्या सुमाराला लागतात.

तेरवी झाल्यावर उत्तमराव आमच्या दारात आले. काठी टेकत, तन्मयच्या खांद्यावर हात ठेवून. फेटा नव्हता. मी उंबऱ्यावर उभी राहिले, म्हटलं, "इथूनच वापस जा."

"आत्या, येऊ दे त्यांना," आतून ईश्वरी म्हणाली.

ते खाली जमिनीवर बसले. हात जोडून म्हणाले, "पोरी, तुये बाबा मायामुळे गेले. अन् तू मले वाचवलं. मले काऊन वाचवलं वं?"

"तुम्ही गप्प झाले होते," ती म्हणाली. "वॉर्डात असंच करतो आम्ही."

म्हातारा हमसून हमसून रडला. मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू? मग त्यांनी विचारलं, लग्न करशील का? तन्मयचा यात काय दोष, असंही म्हणाले. ईश्वरी तन्मयकडे पाहत राहिली. तो मान खाली घालून बसला होता. भटजींच्या गळ्यावरचे वळ त्याला स्वप्नात दिसतात, असं तिनेच मला सांगितलं होतं.

"करीन," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे, मोठेबाबा. अक्षता पहिल्यांदा तुम्ही टाकायच्या. तांदूळ आत्या देईल."

लग्न लागलं ते आमच्या बिछायत केंद्राच्या अंगणात, सकाळी, उघड्या आभाळाखाली. मोजकी माणसं. डोक्यावर काही नाही, बाजूला पडदे नाहीत, हवा येत-जात होती. ईश्वरी साध्या सुती पातळात उभी होती. तिची आई रडत होती. भटजींनी मंगलाष्टक सुरू करायच्या आधी मी पुढे झाले, फडकं सोडलं आणि तांदूळ उत्तमरावांच्या ओंजळीत ओतले.

ते फुगले होते, काळवंडले होते, कुबट वास येत होता. हळद कुठे कुठे उरली होती.

"कुठले तांदूळ हे, बाई?" त्यांनी विचारलं.

"डब्यातले," मी म्हटलं.

त्यांना कळलं. भटजींनी पहिलं कडवं म्हटलं, "सावधान" आलं, सगळे त्यांच्याकडे पाहत थांबले. त्यांच्या हातून एक दाणा सुटेना. ईश्वरी मान वर करून वाट पाहत होती.

"टाका, भांबेरे," मी म्हटलं. "माझ्या भावाने तुमच्यासाठीच भाजले होते."